आईनं तिकडं कसं राहावं

कोडोली, ९ जून २०२४

आई,

पत्र बघून दादा हसला असेल. हसू दे. फोनवर आधी दादा बोलतो, मग वहिनी, मग बाळ रडतं, आणि तुझ्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं येतात. तीही फोन टेबलावर ठेवून, सगळ्यांच्या समोर. तू "बरी हाय" म्हणतेस आणि संपतं. म्हणून कागदावर लिहिते. अक्षर मोठं काढलं आहे. चौथीपर्यंत शाळा केली आहेस, एकेक ओळ सावकाश वाच. घाई नाही.

मी महिनाभर न्यूझीलंडबद्दल मिळेल ते वाचलं. सरकारी माहिती वाचली, तिकडं राहणाऱ्या आपल्या बायकांचे व्हिडिओ पाहिले, वहीत उतरवून काढलं. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगते.

तिकडं आत्ता थंडी आहे, आणि सूर्य उत्तरेकडून जातो. आपल्यासारखी दक्षिणेची खिडकी धरून बसलीस तर दिवसभर ऊन मिळणार नाही. उत्तरेची खिडकी कुठली ते दादाला विचार आणि दुपारी तिथं बस. साडीच्या आत वहिनीनं आणलेली लोकरीची विजार घालत जा. कोण बघतंय. पायमोजे काढायचे नाहीत, देवापुढं बसतानाही नाही.

पत्ता आणि दादाचा नंबर लिहिलेलं कार्ड तुझ्या बटव्यात घातलं आहे. दाराबाहेर पाऊल टाकताना ते जवळ असू दे. अडचण आली तर एक-एक-एक लावायचं, एवढं पाठ कर. रस्त्यात कुणी हसलं तर आपणही हसायचं. त्याला काही हवं असतं असं नाही. पण "गाव कुठलं, पोरं किती, जमीन किती" असं कुणाला विचारायचं नाही. त्यांना ते आवडत नाही.

आंघोळीनंतर बाळाला धुरी देऊ नकोस. तिकडं छताला पांढरी डबी बसवलेली असते, धूर झाला की ती किंचाळते. घुटीचंही वहिनीला विचारल्याशिवाय नको. तिला राग येतो म्हणून नाही, तिथल्या नर्सनं तिला तसं सांगितलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलंय की नव्या देशात माणूस रिकामं बसलं की खचतं. तू रिकामी बसू नकोस. कुणी सांगेपर्यंत वाट बघू नकोस. आपल्याला येणारं काम दिसलं की पुढं व्हायचं. तुला तर किती येतं. बाळ बसायला लागेपर्यंत सहा महिने कसे गेले ते तुला कळणारही नाही.

इकडं सगळं जसंच्या तसं आहे. मी सकाळी उठून अभ्यासाला बसते. घराची काळजी नको.

तुझी,
तेजस्वी

कोडोली, २८ जुलै २०२४

आई,

तुझ्या पिशवीतलं घेवड्याचं बी विमानतळावर काढून घेतलं हे तू मला अडीच महिन्यांनी सांगितलंस. तेही शेजारच्या खैरुनमावशीला फोनवर सांगताना माझ्या कानावर पडलं म्हणून. चूक माझी आहे. कुठलंही बी, तूप, दुधाचं काही न्यायचं नाही, हे मी तुला निघायच्या आधी सांगायला हवं होतं. वाचलं होतं मी. निघायच्या गडबडीत राहिलं.

वहिनी म्हणाली, तुला वाचनालयात नेलं होतं. बायका आपापली तान्ही पोरं मांडीवर घेऊन गाणी म्हणत होत्या आणि तू शेवटच्या खुर्चीवर पदर घट्ट धरून बसली होतीस. पुढच्या वेळी टाळ्या तरी वाजव. टाळ्यांना इंग्रजी लागत नाही.

डॉक्टरांचं. तिकडं ते विचारतात, एक ते दहामध्ये दुखणं किती. तू "हाय की जरा" म्हणालीस आणि वहिनीनं त्याचं "तीन" करून सांगितलं. तीन म्हटल्यावर त्यांनी साध्या गोळ्या देऊन परत पाठवलं. आई, उठताना तू भिंत धरतेस. ते तीन नाही. बोटं दाखवून आठ सांग. कमी सांगण्यात काही मोठेपणा नाही, हे आपल्या घरात कुणालाच कळलं नाही.

काल तू म्हणालीस की वासरं फार ओरडतात, झोप लागत नाही. दादाला कामाच्या डेअरीवर मिळालेलं घर गोठ्याला लागून आहे, म्हणून तुला ऐकू येतं. तिथं गाय व्याली की एका दिवसात वासरू वेगळं करतात आणि त्याला रबरी सडांच्या डब्यातून दूध पाजतात. आपल्याकडं वासराला आधी पाजून मग धार काढतात, तसं तिथं नाही. चारशे गायी आहेत, दोन माणसं आहेत, त्यांना तसं जमणार नाही. आपण जिथं जाऊ तिथली रीत मानायची. चार दिवसांनी कानाला सवय होईल.

तुझ्या दिरांनी, थोरल्या आबांनी, आपली म्हैस सांभाळायला नेली आहे. बरी आहे.

तुझी,
तेजस्वी

कोडोली, २५ ऑगस्ट २०२४

आई,

दादाचा फोन आला होता. एरवी तो माझ्याशी बोलतो तेव्हा सारखा हसत असतो. परवा हसला नाही.

त्यानं सांगितलं ते मी इथं लिहिते, म्हणजे त्यात काही चुकीचं असलं तर तू मनात दुरुस्त करशील. या महिन्याच्या पहिल्या बुधवारी पहाटे सहाला दादा धारेला गेला. वहिनी आणि बाळ झोपलेले. तू शाल गुंडाळून, दादाचे रबरी बूट घालून वासरांच्या शेडमध्ये गेलीस. शेडचं दार उघडलंस, मग गायींच्या कुंपणाचंही. ऐंशी-नव्वद वासरं आणि त्यांच्या आया एकमेकांत मिसळल्या. कुठली गाय आजारी होती आणि तिचं दूध वासरांना चालणार नव्हतं, कुठलं वासरू कुणाचं, हे कुणाला सांगता येईना. सगळं निवडायला तीन माणसांना दिवस लागला. डेअरीची मालकीण आली. ती ओरडली नाही. दादा म्हणाला, ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी त्याला म्हटलं, आईला ओरडू नको. ते मी लिहिलं होतं. येणारं काम दिसलं की पुढं व्हायचं, हे माझंच वाक्य. भुकेलं वासरू दिसलं आणि पलीकडं त्याची आय हंबरतेय म्हटल्यावर तुला येणारं काम एकच होतं. ते तू केलंस. पत्र लिहिताना मला काय माहीत, माझ्या सूचना कुठल्या गोठ्यात वाचल्या जाणार आहेत.

मग दादा म्हणाला, "तेजे, त्यानंतर माझ्याकडनं बोलून गेलं."

तू म्हणालीस, अजून तीन महिन्यांत जाईन, मग तुमची तुम्ही वासरं तोडा. आणि तो चिडून म्हणाला, कुठं जाणार हाईस, आता हितंच ऱ्हायचं हाय तुला, शिक जरा. तू विचारलंस, ऱ्हायचं म्हंजे? आणि मग त्याला सगळं सांगावं लागलं. सहा महिन्यांचं नाही, कायमचं. परतीचं तिकीट नाही, काढलंच नव्हतं.

तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. रविवारी फोन केला. वहिनी म्हणाली, आई कपडे वाळत घालायला गेल्यात. त्यामागच्या रविवारीही तू कपडेच वाळत घालत होतीस.

आई, तुझ्या भल्यासाठी केलं. पंचवीस वर्षं तू आबांच्या घरच्या म्हशींच्या धारा काढल्यास, वैरणीचे भारे वाहिलेस, सण असला की त्यांच्या चुलीपुढं दिवसभर उभी राहिलीस. तुझे गुडघे गेलेले मी बघितले. कुणीतरी तुला तिथून काढायला हवं होतं. सांगून तू गेली नसतीस, म्हणून सांगितलं नाही.

मालकिणीला एकदा "सॉरी" म्हण. तिकडं एकदा मनापासून म्हटलं की पुरतं. आपल्यासारखं दहा वेळा म्हणायचं नसतं.

तेजस्वी

कोल्हापूर, २२ सप्टेंबर २०२४

आई,

वर कोल्हापूर लिहिलंय. याआधीच्या तिन्ही पत्रांवर कोडोली लिहिलं होतं, ते खोटं होतं. तुला आता माहीत झालंच आहे.

जूनपासून मी इथं राजारामपुरीत खोली घेऊन राहते. तीन मुली आहोत. सकाळी सहाला एका अभ्यासिकेचं कुलूप उघडते, खुर्च्या पुसते, दुपारपर्यंत दारात बसून पोरांच्या सह्या घेते, आणि त्यानंतर त्यांच्यातच बसून अभ्यास करते. आपलं घर बंद आहे. किल्ली खैरुनमावशीकडं आहे. मी तिला म्हटलं होतं, आईला सांगू नकोस. ती म्हणाली होती, "मी आपनहून सांगनार न्हाय. पर इचारलं तर खोटं बी बोलनार न्हाय." तू विचारलंस. तिनं सांगितलं.

काल कोडोलीला गेले होते. मावशीचे यजमान शमशुद्दीनचाचा दुकानासमोर सायकलची चाकं तपासत बसले होते. मला बघून त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. मावशी मशिनीवर परकर शिवत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच विचारलं, आई काय म्हणते.

"तुझी आई माझ्याजवळ रडत न्हाय," ती म्हणाली. "रडली असती तर मी समजूत घातली असती. ती इचारती. तेजी दिवा लावती का. मी म्हनलं, कुलपाला कोन दिवा लावतंय आक्का."

मी म्हटलं, मावशी, मी तिच्या गुडघ्यांसाठी केलं. तिनं मशीन थांबवली.

"बचत गटातल्या बायकांना कोन शिकवत हुतं, वाचल्याबिगर सही करू नगा म्हनून? मी बी हुतो त्यात. तुझी आई मागं बसायची, धोंडुबाईच्या शेजारी. एकेक अक्षर बोटानं वाचायची. आन् तिचीच सही तू घेतलीस."

मला ती संध्याकाळ आठवते. तू धार काढून उठलीस, हात पदराला पुसलेस आणि दुधाच्या कॅनच्या झाकणावर कागद ठेवून अकरा ठिकाणी सह्या केल्यास. तिसऱ्या सहीनंतर तू थांबलीस आणि विचारलंस, "काय लिवलंय ह्येच्यात?" इंग्रजी होतं ते. बोट ठेवून तुला वाचता येणार नव्हतं. तुझी एकच सोय होती, मी. मी म्हटलं, सहा महिन्यांचं हाय. तू पुढच्या आठ सह्या न विचारता केल्यास.

वहिनी सांगत होती, मालकिणीनं तुला परत शेडमध्ये बोलावलं. एक वासरू रबरी सडाला तोंड लावत नव्हतं, दोन दिवस उपाशी होतं. तू दुधात बोटं बुडवून त्याच्या तोंडात दिलीस आणि तसंच बोटांवरून डब्यापर्यंत आणलंस. आता अडलेली सगळी वासरं तुझ्याकडं आणतात. मालकीण तुझ्या शेजारी बसते, दोघी आपापल्या भाषेत बोलता, आणि कुणाचं काही अडत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या वहीतलं काहीही न वापरता तू तिथं पाय रोवलास. मी मावशीला म्हटलं, बघ, आई रुळतेय.

मावशी म्हणाली, "मी बी तेच म्हनलं तिला. तर म्हनती, काम मिळालं म्हनून त्ये घर हुतंय व्हय."

आज सूचना काही नाहीत.

तेजस्वी

कोडोली, ३० ऑक्टोबर २०२४

आई,

हे खरंच कोडोलीहून लिहिते आहे. वसुबारसेला आले. कुलूप उघडलं तेव्हा आत बंद घराचा वास होता. दोन दिवस झाडत होते. माडीवर उंदरांनी तुझ्या जुन्या लुगड्यांची गठडी कुरतडली आहे. लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगितलं.

थोरले आबा आले होते. दारातच उभं राहून म्हणाले, घर असं बंद ठेवून काय करनार, किल्ली द्या, आमची वैरण तरी ऱ्हाईल. मी म्हटलं, घर आईचं आहे, आईला विचारा. ते म्हणाले, "तुज्या आईला तू इचारलंवतंस व्हय?"

गावात सगळ्यांना सगळं माहीत आहे, आई.

वहिनी म्हणते, माझी पत्रं तू वाचतेस का ते तिला माहीत नाही, पण पाकिटं फाडलेली असतात. म्हणून लिहिते. मागच्या दोन पत्रांत मी गुडघ्यांचं लिहिलं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लिहायला मला दोन महिने लागले.

मार्चमध्ये माझा स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला तेव्हा थोडक्या गुणांनी राहिले होते. त्या दिवशी मी कोल्हापुरातच थांबणार होते, मुलींबरोबर. पण घरी तू एकटी. शेवटच्या एसटीनं आले. तू उंबऱ्यात बसली होतीस. ताट झाकून ठेवलेलं. तू निकालाचं विचारलं नाहीस, माझ्या तोंडाकडं बघून वाढायला घेतलंस. आणि मला तुझा राग आला. काहीही कारण नसताना. मला वाटलं, मी पास झाले तरी आणि नापास झाले तरी ही बाई अशीच उंबऱ्यात बसलेली असणार, आणि मला शेवटची एसटी धरावीच लागणार. पुण्याला अभ्यासाला जायचं म्हटलं तरी, नोकरी लागली तरी, लग्न झालं तरी. तू कधी ये म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी भांडले असते. भांडायला तू काही ठेवलंच नव्हतंस.

त्याच आठवड्यात दादानं कायमच्या कागदांचं विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, आईला नीट समजावून सांग. मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. त्यालाही खोटं बोलले, की तिला माहीत आहे. वासरांच्या दिवशी तुझ्याइतकाच तोही चकित झाला होता. त्याच्यावर रागावू नकोस.

तू गेलीस त्या रात्री मी इथं एकटी झोपले आणि मला गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांनी. सकाळी उठून मी खोलीची जाहिरात बघितली. एवढंच आहे. मला मोकळं व्हायचं होतं आणि मी त्याला तुझ्या गुडघ्यांचं नाव दिलं. तुझ्या हातात फॉर्म देऊन, तुझं भलं करतेय असं मला वाटू दिलं. आपल्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती मी यासाठी वापरली.

माफ कर, असं लिहिणार नाही. तुला काय करायचं ते तू ठरव.

तेजस्वी

कोल्हापूर, १ डिसेंबर २०२४

आई,

काल दुपारी अभ्यासिकेत माझा फोन वाजला. वहिनीचा जुना नंबर होता. मी बाहेर जिन्यात आले. मला वाटलं वहिनी असेल. तू होतीस, एकटी. मागं वारा होता आणि कुठंतरी गायी.

तू काय बोललीस ते मी इथं लिहून ठेवते. माझ्यासाठी. पुढं कधी मला ते बदलून आठवायला नको.

तू नाव घेतलं नाहीस. सरळ म्हणालीस, "पत्र वाचलं."

मी पायरीवर बसले.

"मोकळं व्हायचं हुतं तर सांगायचं हुतंस की. मी काय तुला दाव्याला बांधून घातलीवती व्हय? उंबऱ्यात मी रोजच बसायची, तुज्या बाच्या माघारी. घरात उकडतंय म्हनून. तुझ्यासाठी न्हवं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. जिन्यातून जाणारी दोन पोरं थांबून बघायला लागली. मी भिंतीकडं तोंड केलं.

मग तू सांगितलंस. बाळ आता आधाराशिवाय बसायला लागलंय. अडलेली वासरं मोठी झाली, कुरणात गेली. तुझी तिथली दोन्ही कामं झाली. दादाकडं पासपोर्ट मागितलास. त्यानं मुकाट्यानं दिला. तुझ्या ट्रंकेत आहे. या महिन्याच्या शेवटी यायचं म्हणालीस. मी विचारलं, परत जाणार का नंतर.

"त्ये आल्यावर बगीन. कुनी धाडलं म्हनून मी येत न्हाय, आन् कुनी ठेवलं म्हनून ऱ्हात न्हाय. बाळाला बगाय वाटलं तर परत जाईन. कागद तर हाईत की माजे."

आणि मग, मी घरी येऊन राहते म्हटल्यावर, तू जरा आवाज चढवलास. "कशाला? खोलीवर ऱ्हा. अब्यास कर. माज्यापायी घरात बसलीस तर मी माघारी जाईन."

तर आई, या वेळच्या सूचना अशा.

तिकीट ऑकलंडहून सिंगापूर आणि तिथून मुंबई असं आहे. तारीख मी घातलेली नाही. दादाला फोनवर दोन-तीन तारखा दाखवायला सांगितलं आहे. तू कॅलेंडर बघ, वार बघ, अमावस्या बघ, आणि बोट ठेव. तो दाबेल. तुझ्याकडून सही लागली तर आधी वहिनीला मराठीत वाचून दाखवायला सांग. सगळं. कंटाळा आला तरी.

ऑकलंडला दादा सोडायला येईल, पण आतल्या दारापाशी त्याला थांबावं लागतं. तिथून पुढं तू एकटी. चाकाची खुर्ची मागवायची का, असं ते विचारतील. जाताना तू "मी काय लंगडी हाय?" म्हणालीस आणि चार तास उभी राहिलीस. खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस आपोआप योग्य दाराशी नेतो, सगळी माणसं घेतात. पण तुला चालत यायचं असेल तर चालत ये. पाट्यांवर विमानाचा नंबर असतो. तो मी मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून पाठवते. पाटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला की बरोबर. तू दुधाच्या पावत्या वर्षानुवर्षं जुळवल्या आहेस, हे त्याहून सोपं आहे.

गोठ्यातले बूट बॅगेत आणायचे असतील तर स्वच्छ धुऊन, वाळवून. खाण्याचं विमानात मिळतं, पण तुला ते गोड आणि थंड लागेल. वहिनीला दशम्या करून द्यायला सांग. सिंगापूरला चार तास थांबायचं आहे. तिथं एकाच ठिकाणी बसून राहू नकोस, पाय सुजतात. बसायला जागा शोधताना कुणी बाई हसली तर हस. गाव विचारावंसं वाटलं तर विचार. तिला काय वाटायचं ते वाटू दे.

मुंबईत बॅग घेतलीस की बाहेर पडायचं दार एकच आहे. लोखंडी कठड्याच्या पलीकडं गर्दी असेल, नावांच्या पाट्या घेतलेली माणसं, टॅक्सीवाले. कुणी बॅगेला हात लावला तर नको म्हण. तू म्हणालीस, आणायला कुणी येऊ नका. तेवढं मी ऐकणार नाही. पण पुढं होऊन हात धरणार नाही, बॅग घेणार नाही, कुठं जायचं ते सांगणार नाही. एसटीनं कोल्हापूर का रेल्वेनं, का दोन दिवस मुंबईत थांबायचं, तू सांग. तू चालायला लाग. मी मागनं येते.

तुझी,
तेजस्वी